रिंगेतला शेला

संपादकांनी मागितलं होतं ते वेगळंच. कपडे, पर्सा, छत्र्या जास्त दिवस टिकाव्यात म्हणून घरच्या घरी काय करावं, याच्या दहाबारा युक्त्या लिहून द्या, असं ते म्हणाले होते. दिवाळी अंकात फराळाच्या पाककृतींशेजारी त्यांना ते छापायचं होतं. मी हो म्हटलं, आणि मग बरेच दिवस पान कोरंच राहिलं.

युक्त्या मला येत नाहीत असं नाही. त्या एका परिच्छेदात संपतात. रेशीम उन्हात वाळवू नये. जरीला अत्तर आणि डांबरगोळी लागू देऊ नये. कपडा मळला म्हणून धुवावा, एकदा घातला म्हणून नव्हे. धुताना चेन लावून ठेवावी. छत्री ओली मिटून ठेवू नये. पर्स वापरायची नसेल तेव्हा आत जुनं सुती फडकं भरून ठेवावं, म्हणजे ती बसकत नाही. उसवलेलं दिसलं की त्याच दिवशी टाका घालावा. झालं. हे सगळं मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले. आणि एक वस्त्र माझ्या हातात असताना, केवळ माझ्यामुळे, कायमचं डागाळलं. ते न सांगता वरच्या युक्त्या माझ्या नावाने छापणं मला बरं वाटत नाही.

विरार पश्चिमेला बोळिंजमध्ये आमचं रफूचं दुकान आहे. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याशेजारचा अरुंद गाळा. दोन स्टुलं, एक शिलाई मशीन आणि उजेडासाठी गरजेपेक्षा जास्त दिवे. ते माझ्या थोरल्या नणंदेने, कुसुमवन्संनी सुरू केलं. हल्लीच्या मुली नणंदेला ताई म्हणतात. मी शेवटपर्यंत वन्सं म्हणत राहिले. मी लग्न होऊन आले तेव्हा मराठी घेऊन एम.ए. झालेली होते. शाळेत नोकरी लागेपर्यंत जरा मदत म्हणून दुकानात बसू लागले. नोकरी लागली नाही, आणि काही वर्षांनी मी ती शोधायचीही सोडून दिली. वन्संनी लग्न केलं नव्हतं. एकाच घरात राहायचं, एकाच गाळ्यात बसायचं, संध्याकाळी एकाच पिशवीतून भाजी घेऊन परतायचं, असं आमचं आयुष्य गेलं.

ज्यांनी रफू कधी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रफू म्हणजे ठिगळ नव्हे. ठिगळ बाहेरून आणून लावतात. रफूत फाटलेल्या जागी तेवढं कापड नव्याने विणायचं असतं, आणि तेही त्याच कापडाच्या धाग्याने. म्हणून आधी त्या वस्त्राच्या आतल्या दुमडीतून किंवा टोकाकडून धागे काढून घ्यायचे. मग भोकावर उभे धागे घालायचे, तो ताणा. त्यातून एक सोडून एक असे आडवे धागे न्यायचे, तो बाणा. बहुतेक रफूगार दोन्ही एकटेच करतात. आमच्याकडे मात्र ताणा वन्संचा आणि बाणा माझा, अशी वाटणी आपोआप पडली होती. वन्संचे उभे धागे सतारीच्या तारांसारखे एका मापात बसत. आडवं जायला लागलं की त्यांचा धीर सुटे. "नीले, हे तुझं पुस्तकवाल्यांचं काम. ओळीमागून ओळ. मला झोप येते," असं म्हणून त्या कापड माझ्या मांडीवर टाकत.

रफूच्या दुकानात माणसं चोरासारखी येतात. कपडा दुरुस्त करून घालण्यात लाज कसली, हे मला कधी कळलं नाही, पण ती असते. शेजारच्या मोठ्या संकुलातले एक निवृत्त अधिकारी दर हिवाळ्यात आपला एकुलता एक लोकरी कोट घेऊन येत. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ते तो मासळीच्या पिशवीतून आणत. एकदा पिशवी न धुताच आणली.

वन्संनी कोट नाकाशी नेला. "साहेब, भोक बुजेल. बोंबील नाही बुजायचा."

"हळू बोला हो," ते म्हणाले आणि जिन्याकडे बघत राहिले.

दुसरी एक बाई तुळिंजहून यायची. तिची तक्रार बरोबर उलटी होती. तिच्या पैठणीला खिळा लागून फाटलं होतं. आम्ही रफू करून दिलं तर ती हिरमुसली.

"अहो, काहीच दिसत नाहीये!"

"मग काय दिसायला हवं?" वन्सं म्हणाल्या.

"थोडं दिसू दे ना. माझी जाऊ दर लग्नाला हीच मागून नेते. फाटकी आहे म्हटलं तर दाखव म्हणेल."

"दिसणारं रफू आमच्याकडे होत नाही. जावेला नाही म्हणायला शिका, ते स्वस्त पडेल."

ती बाई खळखळून हसली. पुढे बरीच वर्षं आमच्याकडे येत राहिली. जाऊसुद्धा यायला लागली.

आता शेल्याकडे येते.

हिराकाकी आमच्या फार जुन्या गिऱ्हाईक. खाडीकाठच्या गावातलं त्यांचं शेतकरी घर, भातशेती आणि मागे केळीची वाडी. त्यांच्या घरात एक पिवळा रेशमी शेला आहे, लाल काठांचा, टोकांना जर. घरातल्या कुठल्याही लग्नात अंतरपाट म्हणून तोच धरायचा, दुसरा चालत नाही. हिराकाकी स्वतः त्याच्यामागे उभ्या राहिल्या होत्या, त्यांची सासूही. गेल्या वर्षी होळीनंतर त्या तो घेऊन आल्या. ट्रंकेत उंदीर शिरला होता आणि शेल्याच्या बरोब्बर मधोमध रुपयाएवढं भोक पाडून गेला होता. नातीचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरायचा होता.

"नेमका मधीच कुरतडला गो मेल्यान," हिराकाकी म्हणाल्या. "भटजीची मंगलाष्टकं संपायच्या आधी पोर भोकातून नवऱ्याला बघंल."

"बघू दे की," वन्सं म्हणाल्या. "आमच्या घरच्या अंतरपाटाला भोक नव्हतं, म्हणून तर मी लग्न केलं नाही."

दोघी इतक्या हसल्या की हिराकाकींना ठसका लागला आणि मला पाणी आणावं लागलं.

लोकर आणि सुती कपडे आम्ही हातावरच धरून रफू करतो. जुनं रेशीम मात्र बोटांखाली सरकतं, म्हणून वन्सं ते लाकडी रिंगेत बसवत. भरतकामाला वापरतात तशी रिंग, एकात एक बसणारी दोन कडी, बाहेरच्या कड्याला आवळायचा लोखंडी स्क्रू. या रिंगेबाबत त्यांचा एकच नियम होता, आणि तो त्या माझ्यावर ओरडून ओरडून बिंबवत. काम रिंगेत निजवायचं नाही. संध्याकाळ झाली, दुकान बंद करायचं झालं, की आधी स्क्रू सैल करायचा आणि कापड मोकळं करायचं. लाकडाला हाताचं तेल लागलेलं असतं, आपल्याकडची हवा खाऱ्या वाऱ्याची आणि दमट. ताणलेलं रेशीम तसंच राहिलं तर थकतं, आणि रिंगेचा वळ उठला तर निघत नाही.

त्यांनी शेल्याच्या दशांमधून, टोकाच्या सुट्या झालरीतून, धागे काढले आणि ताणा घालायला घेतला. एका दुपारी तो पुरा झाला. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "झालं माझं. उद्या तू चाल आडवी." छातीत जळजळतंय म्हणून त्या दिवशी लवकर उठल्या. रिंग स्टुलावर तशीच राहिली. रोज मोकळं करायच्या, त्या दिवशी राहिलं. मी त्यांच्याबरोबर घरी गेले. रात्री त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. तिथून त्या परत आल्या नाहीत.

नणंद गेली तर भावजयीला कुणी काही विचारत नाही. लोक माझ्या नवऱ्याला, मनोहरला भेटायला येत होते, त्याची सख्खी बहीण गेली होती. मी चहा करत होते. इमारतीतल्या एक बाई कप घेताना म्हणाल्या, "आता दुकान तुमचं एकटीचं झालं." त्या वाईट हेतूने बोलल्या नसतील. मी साखर पुरेशी आहे का एवढंच विचारलं.

दिवसवार झाल्यावर वन्संच्या साड्या, चपला, छत्री मी स्वतः बांधून देऊन टाकल्या. ते मला सहज जमलं, तेव्हा मला वाटलं की आपण सावरलो आहोत. मग दुकान उघडलं. स्टुलावर रिंग होती. पिवळ्या रेशमात गोल भोक आणि त्यावर वन्संचे उभे धागे, सारख्या अंतरावर, माझी वाट बघत असल्यासारखे. आता मी आडवं जायचं होतं. मला माहीत होतं की बाणा भरला की ताणा दिसेनासा होतो. आमच्या कामाची रीतच ती आहे. आणि तो स्क्रू त्यांनी आवळलेला होता, त्यांच्या चिमटीने. तो मला सैल करवेना.

मी रिंगेसकट शेला मलमलीत गुंडाळला आणि खणात ठेवला.

मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पहिल्या पावसाळ्यापासून मला तेच शिकवलं गेलं होतं. सकाळी दुकान उघडलं की मी खण ओढायचे, मलमलीवरून हात फिरवायचे, आत कड्याची गोलाई हाताला लागायची, आणि खण बंद करायचे. मलमल सोडून बघत नव्हते. बघितलं असतं तर काढावा लागला असता. बाहेर पाऊस सुरू झाला. भिंतींना पोपडे आले, खणाच्या लाकडाला बुरशीचा वास यायला लागला, खण ओढताना अडकायला लागला. गिऱ्हाइकांना मी सांगत होते, "दमटपणा आहे, रेशीम बाहेर काढून हवा द्या." हे सांगताना माझा गुडघा त्याच खणाला टेकलेला असायचा.

हिराकाकींचे फोन यायचे. पहिल्या खेपेला मी म्हटलं, तसलं रेशीम मिळत नाहीये. हे धडधडीत खोटं होतं, धागे त्या शेल्यातूनच काढायचे होते. त्यांना ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या खेपेला म्हटलं, डोळे दुखतायत, डॉक्टरांनी बारीक काम बंद सांगितलंय.

"सावकाश कर गो बाय," त्या म्हणाल्या. "कुसुम गेली, तू एकटी पडलीस. शेला काय पलून जातो?"

आणि त्यांनी गावातल्या एका रिक्षावाल्याबरोबर सुकेळी पाठवली. वसईची सुकेळी हल्ली फार कमी घरांत होतात, सोलून उन्हात मुरवलेली, काळपट, मधासारखी. केळीच्या सोपट्यात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालपटात, बांधलेलं ते पुडकं मी दुकानात बसून सोडलं. आम्ही दोघींनी मिळून खाल्ली असती तशी मी ती एकटीने खाल्ली. नंतर आणखी एकदा पाठवली. तीही खाल्ली. या सगळ्यात मला जास्त लाज कशाची वाटते असं कुणी विचारलं तर डागापेक्षा या सुकेळ्यांची वाटते.

मनोहरला शंका आली होती. तो एकदा जेवताना म्हणाला, "ताईचं काही ठेवायचं असेल तर घरातलं ठेव. लोकांचं नको ठेवू." मी त्याच्या पानात आमटी वाढली. तो फार बोलणारा माणूस नाही, त्याने पुन्हा विषय काढला नाही.

नवरात्र झाल्यावर हिराकाकी न सांगता आल्या. गाळ्याची पायरी चढून धापा टाकत उभ्या राहिल्या.

"दाव. झाला तेवढा बघू."

"काकी, बसा आधी. पाणी देते."

"पानी नको, नि बसायला नाय आले. रिक्षा उभी हाय. मुहूर्त धरला, शेला बघून जाते."

मी खण ओढला. तो अडकला. हिराकाकींनीच एका बाजूने धक्का दिला, तेव्हा उघडला. मी मलमल सोडली. स्क्रू गंजून बसला होता, फिरेना. पक्कड लावून फिरवावा लागला. कडी निघाली आणि शेल्यावर कड्याएवढं तपकिरी वर्तुळ राहिलं, कुणी गेरूने आखावं तसं. स्क्रूच्या जागी गंज रेशमात उतरून कोकमाच्या सालीएवढा डाग पडला होता. मध्ये वन्संचे उभे धागे ढिले होऊन लोंबत होते. मी एकाला सुई लावली. तो तुटला.

हिराकाकींनी त्या वर्तुळावरून बोट फिरवलं. मग चष्म्यातून माझ्याकडे बघितलं.

"कोनी केला ह्यो?"

"मी."

"कसा?"

"वन्सं गेल्या त्या दिवसापासून रिंगेतच होता. काढायला हवा होता. काढला नाही."

"रेशीम मिलत नाय म्हनालीस, ते?"

"खोटं."

"डोल्यांचं?"

"तेही."

"आनि मी सुकेली पाठवली! पोरीनं खाल्ली नाय, म्हटलं नीलाच्या डोल्याला होतील." त्यांचा आवाज चढला. रस्त्यावरून जाणारं कुणीतरी थांबलं. "का ठेवलास पन? तुला काय कामाचा?"

मी सांगितलं. वन्संचे धागे, स्क्रू, खण. मोठ्याने सांगताना ते सगळं फार लहान वाटलं. घरात एवढी पुस्तकं वाचलेली बाई, आणि तिच्यापाशी सांगायला एवढंच होतं.

"आमचा शेला म्हंजे तुझ्या नंदेचा फोटू व्हय?" त्या म्हणाल्या. "कुसुम असती तर तिनं तुझ्या हातावर सुई टोचली असती."

"हो."

"हो म्हनू नको सारखी. डाग निघंल?"

"नाही." सुती कपड्यावरचा गंज लिंबू-मिठाने निघतो. रेशमाला आणि जरीला ते चालत नाही, डागाबरोबर कापडही जातं. एवढं मात्र मी त्यांना खरं सांगितलं. "नवीन शेला घेऊन देते. असाच, लाल काठांचा."

"आमच्यात दुसरा धरत नाय, ठावूक हाय तुला." त्या पायरीकडे वळल्या आणि थांबल्या. "भोक बुजव. वेलेवर दे. आनि लग्नाला ये. मानसं विचारतील डाग कसला, त्यांना तू सांग. मी कोनाकोनाला सांगत बसू?"

त्या गेल्यावर मी वन्संचे धागे उसवले. उसवले म्हणण्यासारखं काही नव्हतंच, चिमट्यात धरले की तुकडे पडत होते. जे राखायला मी वन्संचा नियम मोडला आणि खोटं बोलले, ते त्या खणातच कुजून गेलं होतं. शेल्याच्या दशांमधून मी पुन्हा उभे धागे काढले, टोकाची एक पट्टी उसवून आडवे काढले. त्यामुळे शेला दोन बोटं आखूड झाला. ताणा मी आयुष्यात क्वचितच घातला होता. तीनदा घालून तीनदा काढला. चौथ्यांदा बसला तोही वन्संसारखा नव्हे, पण बसला. मग आडवी चालले. रिंग वापरली नाही, शेला हातावरच धरला आणि रोज संध्याकाळी सैल घडी करून नव्या मलमलीत ठेवला. मुहूर्ताच्या बऱ्याच आधी नेऊन दिला. हिराकाकींनी पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत. त्या म्हणाल्या, "बरं," आणि दार लावून घेतलं.

लग्न घरापुढच्या खळ्यात होतं. न जाण्याची पुष्कळ कारणं मी मनात तयार केली होती, पण खोटी कारणं सांगायला आता तोंड राहिलं नव्हतं. मी मागच्या रांगेत बसले. दोघांनी दोन टोकं धरून शेला उचलला. आमचं सगळं काम कशासाठी असतं, तर फाटलेल्या जागेवर कुणाची नजर जाऊ नये म्हणून. इथे त्या जागेभोवती मीच गोल आखून दिला होता. मांडवातल्या सगळ्यांची नजर तिथेच गेली.

"तो गोल कसला गो?" पुढच्या रांगेत एकीने विचारलं.

"कुंकवाचा असंल."

"कुंकू असला? कायतरीच."

हिराकाकी नवरीशेजारून मागे वळल्या. मंगलाष्टकं चालू असतानाच त्यांनी बोट केलं. "ती बसलीय निली साडी. तिला इचारा."

माना वळल्या. मी सांगितलं. भटजींचा सूर चढत होता, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. शेला माझ्याकडे दुरुस्तीला होता, मी तो पावसाळाभर रिंगेत ठेवला, त्याचा डाग. दोघी-तिघी चुकचुकल्या. एकीने विचारलं, "दुकान अजून चालतं का तुमचं?" मी हो म्हटलं.

मग शेजारच्या खुर्चीवरची एक वयस्कर बाई माझ्याकडे झुकली. "तुम्ही कुसुमताईंच्या भावजय ना? डागाचं जाऊ द्या हो. पण भोक कुठं होतं ते सांगूनही सापडत नाही बघा. हे कुसुमताईंचंच काम, मी ओळखते. बाई गेली, पण हात राहिला."

मी फक्त मान हलवायची होती. एवढ्याने वन्सं त्या शेल्यात राहिल्या असत्या. पुढच्या लग्नात, त्याच्या पुढच्या लग्नात, या घरातल्या बायका सांगत राहिल्या असत्या की हे कुसुमचं रफू. तेवढ्यासाठीच तर मी तो शेला खणात ठेवला होता.

"नाही," मी म्हटलं. "त्यांचं होतं ते माझ्या हातून गेलं. हे माझं आहे."

त्या बाईने पुन्हा शेल्याकडे बघितलं, या वेळी डोळे बारीक करून, आणि मला वाटतं, तिला आता काहीतरी दिसलं. सावधान झालं. शेला बाजूला झाला. नवरी हसताना दात दाखवायचे नाहीत असं ठरवून उभी होती, ते तिला जमलं नाही.

गर्दी जेवणाकडे वळली तेव्हा मी हिराकाकींना गाठलं. शेला त्यांच्या खांद्यावर होता.

"काकी, पुढे कधी ह्याला काही लागलं तर—"

"दुसरीकडं देईन," त्या म्हणाल्या. राग नव्हता त्यात. ठरवून झालेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मग माझं मनगट धरून पंगतीच्या दिशेने ओढलं. "जेवून जा."

मी जेवले. त्यांनी स्वतः वाढलं, आणि पानात काही टाकू दिलं नाही.